ब्रोकरेजमधला आपला वाटा: मुंबईत घर घेताना पासबॅक कसा मागायचा आणि कुठे वापरायचा

मुंबईत नवीन बिल्डिंगमध्ये फ्लॅट बघायला गेलात की पहिल्या पाच मिनिटांत कोणीतरी सांगतंच, "साहेब, तुम्हाला ब्रोकरेज झिरो, आमचं बिल्डर देतो." आणि आपण खूश होऊन पुढे जातो. पण बिल्डर देतो म्हणजे कुठून देतो हो? तुमच्याच फ्लॅटच्या किमतीतून देतो, ते पैसे रेटमध्ये आधीच धरलेले असतात. बिल्डरकडे ग्राहक आणणाऱ्या या ब्रोकरला चॅनल पार्टनर म्हणतात, बोलताना सगळे सीपीच म्हणतात, आणि त्याला साधारण दोन ते चार टक्के मिळतात, नवीन लाँच असेल किंवा बिल्डरकडे फ्लॅट पडून असतील तर त्याहून जास्त. कांदिवलीत दीड कोटीचा टू बीएचके घेतलात आणि सीपीला तीन टक्के मिळाले तर ते झाले साडेचार लाख. यातला काही भाग तो खरेदीदाराला परत देतो त्याला या धंद्यात पासबॅक म्हणतात.

मी हे सगळं एवढ्यासाठी लिहितोय की आपल्या माणसांना हे मागायला फार संकोच वाटतो. समोरचा बहुतेक वेळा ओळखीतला असतो, मामाच्या ऑफिसातल्या कोणाचा तरी मुलगा, मग "त्याच्या पोटावर कशाला पाय द्या" असं वाटतं. अहो पण वीस वर्षं ईएमआय तुम्ही भरणार आहात. त्याने त्याचं काम केलं त्याचे पैसे त्याला मिळायलाच हवेत, त्याबद्दल वाद नाही, पण साडेचार लाखांतले दीड लाख परत मागितले तर त्यात लाजण्यासारखं काहीही नाही, समोरचा रोज हेच बोलणं करत असतो. फक्त कधी मागायचं, कसं घ्यायचं आणि आलेले पैसे कुठे लावायचे हे आधी ठरवलं नाही तर हे पैसे पडदे आणि झुंबरात जातात आणि कळतही नाही.

आधी बघा तुमचा नंबर कोणाच्या नावावर चढलाय

हा भाग नीट वाचा, कारण इथेच बहुतेकांचा पासबॅक जातो. सेल्स ऑफिसमध्ये शिरलात की रिसेप्शनवरची मुलगी टॅब पुढे करते, नाव, मोबाईल नंबर, बजेट, सध्या कुठे राहता, आणि मग प्रश्न येतो, "आमच्याबद्दल कसं कळलं? होर्डिंग, पेपर, की कोणी सीपीने पाठवलं?" तुम्ही काहीतरी सांगता, मोबाईलवर ओटीपी येतो, तो तुम्ही वाचून दाखवता, आणि तिथे तुमचं टॅगिंग होतं. म्हणजे हा ग्राहक कोणी आणला हे बिल्डरच्या सिस्टीममध्ये नोंदलं गेलं. त्यानंतर ठराविक मुदतीपर्यंत, प्रत्येक बिल्डरची वेगळी असते, कुठे महिना कुठे तीन महिने, तुम्ही बुक केलंत तर ब्रोकरेज त्याच माणसाला. स्वतःहून गेलात तर डायरेक्ट वॉक-इन म्हणून नोंद होते आणि मग नंतर कुठलाही सीपी मध्ये येऊ शकत नाही.

त्यामुळे उत्साहाच्या भरात रविवारी सकाळी घोडबंदर रोडच्या चार साईट फिरून यायच्या आणि मग सोमवारी सीपीशी पासबॅकचं बोलायचं हा क्रम उलटा आहे. आधी घरी बसून प्रोजेक्ट निवडा, महारेराच्या, म्हणजे प्रोजेक्ट आणि एजंटांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, वेबसाईटवर त्याची माहिती बघा, मग एका सीपीशी फोनवर बोला, पासबॅक किती आणि कसा ते ठरवा, आणि मग त्याच्याबरोबर साईट व्हिजिटला जा. ऑनलाईन पोर्टलवर "किंमत जाणून घ्या" वाल्या बटणावर नंबर टाकू नका, तो नंबर तीन-चार जणांकडे जातो आणि त्यातला एखादा तुम्हाला न विचारता तुमचं नाव स्वतःचा ग्राहक म्हणून बिल्डरकडे टाकून मोकळा होतो. असं झालंच असेल, म्हणजे तुम्ही पोचलात आणि "सर तुमचा नंबर ऑलरेडी अमुक रियल्टीकडून आलाय" असं ऐकलंत, तर तिथल्या सोर्सिंग मॅनेजरला, म्हणजे बिल्डरकडे सीपींचं काम बघणाऱ्याला, तिथेच ईमेल करा की मी या माणसाला ओळखत नाही, त्याने मला ही साईट दाखवली नाही. चांगल्या बिल्डरकडे हे टॅगिंग काढतात. नाही काढलं तर मुदत संपेपर्यंत थांबायची तयारी दाखवा, थांबणारा ग्राहक कोणालाच आवडत नाही, मार्ग निघतो.

आणि स्वतःच गेलात, कोणी सीपी नाही, तर? मग बिल्डरचे ते तीन टक्के वाचले ना. मग सरळ सेल्स हेडला सांगा की मी डायरेक्ट आलोय, सीपीचं पेमेंट वाचतंय, त्यातलं रेटमध्ये काय देता. पहिलं उत्तर नाहीच येणार, "आमचा रेट सगळ्यांना सेम आहे" म्हणतील, पण महिनाअखेर किंवा मार्च जवळ असेल तर हेच उत्तर बदलतं. पितृपक्षात तर सेल्स ऑफिसं ओस पडलेली असतात, तुमचा अशा गोष्टींवर विश्वास नसेल तर घासाघीस करायला तो पंधरवडा फार चांगला, टोकन तेव्हा द्या आणि रजिस्ट्रेशन हवं तर दसऱ्याला करा.

किती मागायचं

सीपीचा हिशोब एकदा त्याच्या जागी बसून करा म्हणजे अवाजवी मागणार नाही. त्याला मिळणाऱ्या साडेचार लाखांवर बिल्डर टीडीएस कापतो, वर त्याचा स्वतःचा इन्कम टॅक्स, साईटवर तुमच्याबरोबर फिरलेल्या मुलाचं इन्सेंटिव्ह, कधी मधला अजून एक सबब्रोकर. जीएसटी तो बिल्डरकडून वेगळा घेतो आणि सरकारला भरतो, ते पैसे त्याचे नाहीतच, त्यामुळे त्यात हात घालू नका. माझ्या मते त्याने चार-पाच प्रोजेक्ट दाखवले, भावाची बोलणी केली, लोनपर्यंत बरोबर राहिला तर एक तृतीयांश मागणं योग्य. प्रोजेक्ट तुम्हीच शोधलात, त्याला फक्त टॅग करायला घेतलं, तर निम्मे मागा. पूर्ण ब्रोकरेज परत देतो म्हणणाऱ्याकडे मात्र मी जाणार नाही, कारण डिमांड लेटरमध्ये, म्हणजे बिल्डरच्या हप्ता मागणाऱ्या पत्रात, गोंधळ झाला, पझेशन लांबलं, की फोन उचलायला त्याच्याकडे काहीच कारण उरत नाही.

अजून एक. बऱ्याच बिल्डरांच्या सीपीबरोबरच्या करारात पासबॅकला मनाई असते, कळलं तर त्याचं पेमेंट अडकतं. म्हणूनच तुम्ही व्हॉट्सॲपवर विचारलंत की तो "भेटून बोलू ना सर" म्हणतो. त्या माणसाला अडचणीत टाकून, चोरून पैसे घेण्यापेक्षा सरळ त्यालाच सांगा की तुझ्या ब्रोकरेजमधला एक टक्का कमी करून बिल्डरकडून माझ्या किमतीत कमी करून आण. हे होतं. सोर्सिंग हेड आणि सेल्स हेड दोघांनी मंजूर केलं की कॉस्ट शीट, म्हणजे फ्लॅटच्या सगळ्या खर्चाचा तक्ता, नवीन निघते. सगळं कागदावर, कोणाच्या मागे लागायचं काम नाही. मला तरी हाच रस्ता सगळ्यात बरा वाटतो.

कॉस्ट शीटमध्ये कमी करून घेतलं तर काय होतं

आता आकडे बघू, दीड कोटीचाच फ्लॅट धरू, अंडर कन्स्ट्रक्शन, मुंबई उपनगरात. त्यावर जीएसटी पाच टक्के म्हणजे साडेसात लाख, स्टॅम्प ड्युटी मेट्रो सेस धरून सहा टक्के म्हणजे नऊ लाख, रजिस्ट्रेशन ३० हजार. ७५ लाखांच्या वरच्या लोनला बँक किमतीच्या जास्तीत जास्त ७५ टक्केच देते, हा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे, आणि त्या किमतीत स्टॅम्प ड्युटी नि रजिस्ट्रेशन धरत नाहीत. म्हणजे तुमचे स्वतःचे साडेसदतीस लाख, वर जीएसटी, स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन, एकूण ५४ लाख ३० हजार खिशातून, काही बँका जीएसटीवर थोडं देतात तो भाग सोडा. हा आकडा बघूनच माणसाला घाम फुटतो.

दीड लाखाचा पासबॅक ॲग्रीमेंट व्हॅल्यूमधून, म्हणजे करारात लिहिलेल्या किमतीतून, कमी झाला, म्हणजे १ कोटी ४८ लाख ५० हजार झाली, तर जीएसटीत साडेसात हजार आणि स्टॅम्प ड्युटीत नऊ हजार अजून वाचतात. दीड लाखाचे एक लाख साडेसहासष्ट हजार झाले. शिवाय हे पैसे कोणाकडून यायचे राहत नाहीत, उत्पन्न म्हणून दाखवायचा प्रश्न नाही, सगळं स्वच्छ.

पण इथे एक गोष्ट कोणी सांगत नाही. किंमत कमी झाली की लोनही कमी होतं. दीड लाखाच्या ७५ टक्के म्हणजे १ लाख १२ हजार ५०० लोनमधून गेले, आणि आज तुमच्या खिशातून वाचले ते साडेसदतीस हजार अधिक जीएसटी-स्टॅम्पचे साडेसोळा, म्हणजे ५४ हजार. वीस वर्षांच्या हिशोबात फायदाच आहे, कर्ज कमी झालं, पण ज्याचं डाउन पेमेंटलाच ओढाताण चाललीय, पीएफ काढलाय, बायकोचे दागिने ठेवलेत, त्याला आज हातात दीड लाख आणि ५४ हजार यात फार फरक आहे. त्यामुळे तुमची अडचण कुठे आहे ते बघून ठरवा. लोन जड जातंय तर किंमत कमी करा. रोकड कमी पडतेय तर पुढचा पर्याय बघा.

आणि स्टॅम्प ड्युटी ॲग्रीमेंट व्हॅल्यू आणि रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दराने होणारी किंमत, यात जी जास्त असेल तिच्यावर लागते. काही भागांत, विशेषतः जुन्या दक्षिण मुंबईत, दोन आकडे फार जवळ असतात. किंमत रेडी रेकनरच्या खाली गेली तर स्टॅम्पमध्ये एक पैसा वाचणार नाही, आणि फरक दहा टक्क्यांच्या पुढे गेला तर खरेदीदारालाच इन्कम टॅक्सचा त्रास होऊ शकतो. दीड लाखाने एवढं होत नाही सहसा, पण बिल्डर बाकी डिस्काउंटही देत असेल तर एकदा सगळी बेरीज वकिलाकडून तपासून घ्या.

सहज आठवलं म्हणून सांगतो, फ्लॅट फक्त बाईच्या नावावर घेतला तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सवलत आहे, म्हणजे दीड कोटीवर दीड लाख, पूर्ण पासबॅकएवढे, आणि ते मागायला कोणाकडे जावं लागत नाही. मात्र नावात एकही पुरुष चालत नाही, आणि लोन नवऱ्याच्या पगारावर असेल तर घरात नाव नसताना त्याला कर्जावरची करसवलत मिळत नाही. दोन्ही बाजू मांडून बघा.

पझेशनचे चार्जेस, हीच खरी जागा

ज्यांना रोकड हवीय त्यांच्यासाठी माझी पहिली पसंती ही. बुकिंगच्या वेळी कॉस्ट शीटच्या तळाला बारीक अक्षरात अदर चार्जेस असतात, दोन वर्षांचा ॲडव्हान्स मेंटेनन्स, सोसायटी फॉर्मेशन, शेअर मनी, लीगल, मीटर आणि गॅस कनेक्शन, क्लब हाऊस. ७०० फूट कार्पेट आणि फुटाला १२ रुपये मेंटेनन्स धरला तर दोन वर्षांचे २ लाख १ हजार ६०० आणि वर १८ टक्के जीएसटी, झाले जवळपास २ लाख ३८ हजार, फक्त मेंटेनन्सचे. यावर होम लोन सहसा मिळत नाही. हे पैसे नेमके तेव्हा मागतात जेव्हा तुम्ही भाडं आणि ईएमआय दोन्ही भरताय, मुलांच्या शाळेची फी आहे, इंटिरिअरवाला ॲडव्हान्स मागतोय, आणि कुठूनतरी महागडं पर्सनल लोन काढायची वेळ येते.

तर बिल्डरला सांगा, किंमत नका कमी करू, पासबॅकची रक्कम अदर चार्जेसमध्ये ॲडजस्ट करा, आणि तसं अलॉटमेंट लेटरमध्ये लिहून द्या, पझेशनच्या वेळी अमुक रक्कम घेतली जाणार नाही असं, आकड्यासकट. तोंडी आश्वासन घेऊ नका कारण पझेशनला तीन वर्षं असतात आणि तोवर सेल्सची अख्खी टीम बदललेली असते, तुमच्याशी गोड बोलणारा क्लोजिंग मॅनेजर दुसऱ्याच बिल्डरकडे गेलेला असतो.

पैसे नंतर हातात येणार असतील तर

सीपी स्वतः देणार असेल तर एक समजून घ्या, त्यालाच पैसे उशिरा मिळतात. तुमचं ॲग्रीमेंट रजिस्टर झालं, तुमचे ठराविक टक्के बिल्डरकडे जमा झाले, मग तो बिल टाकतो, आणि मग दीड-दोन महिने, कधी त्याहून जास्त. म्हणून पासबॅकच्या भरवशावर स्टॅम्प ड्युटीचं गणित अजिबात बसवू नका. स्टॅम्प ड्युटी रजिस्ट्रेशनच्या आधी भरायची असते, पासबॅक नंतर येतो. लोकं इथे फसतात आणि मग ऐनवेळी मित्रांकडे हात पसरतात.

आलेले पैसे मग कुठे लावायचे? रेडी फ्लॅट असेल आणि पूर्ण लोन चालू झालं असेल तर डोळे झाकून प्रीपेमेंट. फ्लोटिंग रेटच्या होम लोनला वैयक्तिक कर्जदाराकडून प्रीपेमेंटचा दंड घेता येत नाही. एक कोटीचं लोन, साडेआठ टक्के, वीस वर्षं, ईएमआय साधारण ८६ हजार ८००. सुरुवातीलाच दोन लाख भरलेत आणि ईएमआय तोच ठेवलात तर बारा हप्ते कमी होतात. बारा हप्ते म्हणजे दहा लाखांच्या वर! दोन लाखांनी. फक्त बँकेत अर्ज देताना स्पष्ट लिहा की मुदत कमी करा, ईएमआय नको, नाहीतर काही ठिकाणी ते ईएमआय थोडासा कमी करून ठेवतात आणि मग हा फायदा तेवढा मिळत नाही. आणि हे पहिल्या एक-दोन वर्षांत करा, पंधराव्या वर्षी केलंत तर व्याज बहुतेक भरून झालेलं असतं.

बिल्डिंग अजून बांधली जात असेल तर प्रीपेमेंटची घाई नको, पुढचा स्लॅब झाल्यावर बिल्डर जो हप्ता मागेल त्यात तुमचा जो वाटा आहे तो त्यातून भरा. आणि भाडं-ईएमआय दोन्ही चालू असेल तर चार-सहा महिन्यांचा ईएमआय वेगळ्या खात्यात ठेवून द्या, नोकरीचं काही झालं तर हप्ता चुकायला नको, एक हप्ता बाऊन्स झाला की सिबिल बिघडतं आणि मग पुढची सगळीच कामं अडतात. इंटिरिअरला लावायचेच असतील तर सेफ्टी डोअर, ग्रिल आणि बाथरूमचं वॉटरप्रूफिंग एवढंच, बाकी फॉल्स सीलिंग थांबू शकतं.

रिसेलमध्ये गोष्ट वेगळी

जुन्या सोसायटीत फ्लॅट घेताना ब्रोकरेज तुम्ही स्वतः देता, विकणाराही देतो, दोन्हीकडून एक ते दोन टक्के. इथे परत घेण्याचा प्रश्नच नाही, आधीच कमी ठरवायचं. पहिल्या भेटीत विचारा, "तुम्ही दोन्ही साईड करताय का?" मुलुंडला एकाच ब्रोकरकडे विकणाराही आहे आणि घेणाराही, तर त्याला दोन्हीकडून मिळणार, मग तुमच्याकडून एक टक्का पुरे. विकणाऱ्याचा ब्रोकर वेगळा असेल तर तुमच्या ब्रोकरला फक्त तुमच्याकडूनच मिळणार, तिथे फार ताणू नका. मोठ्या किमतीच्या घराला टक्केवारी सोडून ठोक रक्कम ठरवा, काम तेवढंच असतं.

पैसे एकदम देऊ नका. निम्मे रजिस्ट्रेशनच्या दिवशी, निम्मे किल्ली आणि सोसायटीचे कागद हातात आल्यावर. टोकन देतानाच हे बोलून घ्या, रजिस्ट्रार ऑफिसच्या बाहेर उभं राहून वाद घालायला नको.

आणि ब्रोकर पैसे कमी करायला तयार नसेल तर बदल्यात काम मागा. हा पर्याय लोकांच्या लक्षात येत नाही आणि मला तो फार उपयोगी वाटतो. सोसायटीची एनओसी, शेअर सर्टिफिकेटवर नाव, इलेक्ट्रिक मीटरचं नाव, दादरला बेस्ट, बोरिवलीत अदानी किंवा टाटा, मुलुंड-भांडुपला महावितरण, मग गॅसचं कनेक्शन, महापालिकेच्या प्रॉपर्टी टॅक्सला नाव. नोकरी करणाऱ्या माणसाच्या यात किती सुट्ट्या जातात विचारा. ब्रोकरचा माणूस रोज तिथेच फिरत असतो. सोसायटीने ट्रान्सफर प्रीमियम म्हणून २५ हजारांपेक्षा जास्त मागितला तर तो नियमात बसत नाही हेही ब्रोकरने कमिटीशी बोलून मिटवायचं. पझेशन लांब असेल तर सांगा, तोपर्यंत भाड्याचं घर तुम्हीच बघून द्यायचं, बिनाब्रोकरेज. नाहीतर एक महिन्याचं भाडं तिथे जातं, आणि अकरा महिन्यांनी नवीन घर बघायची वेळ आली की परत.

जुनं घर विकून नवं घेणारे असाल तर दोन्ही व्यवहार एकाच ब्रोकरला द्या आणि दोन्हीचा मिळून एक आकडा ठरवा. त्याला दोन डील मिळतात म्हणून तो खाली येतो.

लोनसाठी पण तोच माणूस एजंट आणत असेल तर लक्षात ठेवा, त्या लोनवरही बँकेकडून कमिशन मिळतं. तिथे निदान प्रोसेसिंग फी माफ करून मागा. दोन बँकांची सँक्शन लेटर्स समोर ठेवली की बहुतेक होतं.

सोन्याचं नाणं, मॉड्युलर किचन वगैरे

गुढीपाडवा आला की पेपरात पान भरून जाहिराती, बुकिंगवर सोन्याचं नाणं, मॉड्युलर किचन फ्री, एसी फ्री. त्या प्रत्येक फ्री वस्तूची किंमत विचारा आणि म्हणा, मला वस्तू नको, तेवढी रक्कम कॉस्ट शीटमध्ये कमी करा. आणि ही ऑफर आणि पासबॅक दोन्ही मिळतील का हे स्पष्ट विचारा, कित्येकदा ऑफर घेतली की सीपीचं ब्रोकरेज कमी होतं आणि मग तो म्हणतो आता माझ्याकडे द्यायला काही उरलं नाही.

इथे मात्र अजिबात चालढकल नको

पासबॅक रोखीत घेऊ नका. रोखीत दोन लाख किंवा जास्त एका व्यवहारात घेतले तर घेणाऱ्यावर तेवढाच दंड बसू शकतो, आणि कमी घेतलेत तरी उद्या त्याने दिलेच नाहीत तर दाखवायला तुमच्याकडे काय आहे? बँक ट्रान्सफरनेच घ्या, आणि सोबत पत्र घ्या की ही रक्कम अमुक फ्लॅटच्या व्यवहारातल्या ब्रोकरेजमधून दिली आहे. हे पत्र तुमच्या सीएला दाखवा, कारण नातेवाईक नसलेल्या माणसाकडून वर्षात ५० हजारांच्या वर पैसे विनामोबदला आले तर ते करपात्र धरतात, रिटर्न भरताना ते कुठे दाखवायचं ते त्यालाच ठरवू द्या.

कोणी म्हणालं की ॲग्रीमेंट व्हॅल्यू वाढवून दाखवू, लोन जास्त मिळेल, वरचा फरक तुम्हाला परत देतो, तर तिथून उठून या. हा पासबॅक नाही, ही बँकेची फसवणूक आहे आणि सही तुमची असते.

एजंट महारेराकडे नोंदलेला हवाच, नंबर ए अक्षराने सुरू होतो, प्रोजेक्टचा पी ने. वेबसाईटवर दोन मिनिटांत दिसतं. आता एजंटना प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास व्हावी लागते, तेव्हा सर्टिफिकेट दाखव म्हटलं तर कोणी रागवायचं कारण नाही. आणि जास्त पासबॅक हवा असेल तर आत्ताच २० टक्के भरा असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, रजिस्टर्ड ॲग्रीमेंट होईपर्यंत बिल्डर किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेऊच शकत नाही, रेरा कायद्याचं कलम १३.

अजून एक मनापासून सांगतो. जिथे सीपीला पाच टक्के मिळतात तिथे तो तुम्हाला जास्त पासबॅक देऊ शकतो, म्हणून तो तुम्हाला तिकडेच नेईल. कल्याण-शीळ रोडला कामावरून घरी पोचायला रोज दोन तास लागणार असतील तर दोन लाखांचा पासबॅक त्या दोन तासांची भरपाई करत नाही. आधी घर ठरवा, स्टेशन, शाळा, पाणी, आईवडिलांसाठी दवाखाना किती लांब ते सगळं बघा, आणि मग त्याच घरावर काय मिळतं ते बोला.

ज्यांची मुलं अमेरिकेत घर घेतायत त्यांच्यासाठी एवढंच, तिथे ही पद्धत उघडपणे चालते, खरेदीदाराचा एजंट कमिशनचा भाग देतो आणि तो क्लोजिंगच्या कागदावर दिसतो, लोन देणाऱ्याला आधी सांगावं लागतं. बहुतेक राज्यांत परवानगी आहे, काही राज्यांत बंदी आहे. ऑगस्ट २०२४ पासून बहुतेक एजंट घर दाखवायच्या आधीच लेखी करार करून घेतात, तेव्हा हा कमिशनमधला परतावा त्या करारातच लिहून घ्यायला सांगा.

काय लिहून घ्यायचं

फार मोठा करार नको. साईट व्हिजिटच्या आधी सीपीला एक ईमेल टाका आणि त्याचं उत्तर "मान्य" असं घ्या. त्यात प्रोजेक्टचं नाव आणि महारेरा नंबर, त्याचा एजंट नंबर, किती टक्के किंवा किती रुपये, ते कशावर मोजायचे, ॲग्रीमेंट व्हॅल्यूवर की सगळं मिळून होणाऱ्या किमतीवर, कारण या दोन आकड्यांत वीस-पंचवीस लाखांचा फरक पडतो, पैसे केव्हा देणार, म्हणजे बिल्डरकडून त्याला मिळाल्यापासून किती दिवसांत, आणि बिल्डरने त्याला कमी दिले तर तुमचे किती. शेवटचा मुद्दा सगळे विसरतात आणि तिथेच नंतर बोलाचाली होते.

रिसेलमध्ये ब्रोकरेज दिलंत तर चेकने किंवा बँकेतून द्या आणि त्याचं जीएसटीसकट बिल घ्या, ब्रोकरची जीएसटी नोंदणी नसेल तर साधी सही केलेली पावती तरी घ्या. हे बिल इंडेक्स टू (रजिस्ट्रेशनचा उतारा) आणि स्टॅम्प ड्युटीच्या चलनाबरोबर एकाच फाईलमध्ये ठेवा, दहा वर्षांनी घर विकाल तेव्हा कॅपिटल गेन काढताना तुमचा सीए घराच्या खर्चात ही रक्कम धरू शकतो, पण बिल असेल तरच.